इंग्रजीच्या तासाला ब्रेनस्टॉर्मिंग: नव्या शिक्षकांसाठी, प्रश्नापासून वहीपर्यंत

फळ्यावर मधोमध 'पोल्युशन' लिहायचं, भोवती गोल काढायचा, गोलाला चारी बाजूंनी रेघा ओढायच्या आणि वर्गाकडे वळून म्हणायचं, 'टेल मी!' पहिल्या बाकावरचे दोघं 'एअर' आणि 'वॉटर' म्हणतात, तिसरी 'नॉइज' म्हणते, पुढे शांतता. उरलेल्या रेघांची टोकं शिक्षक स्वतःच भरतात आणि टाचणवहीत 'विचारमंथन घेतले' अशी नोंद होते. बी.एड.च्या सराव पाठांपासून हे इतकं अंगवळणी पडतं की यात मुलांनी नेमकं काय केलं, हे कुणी विचारतच नाही.

हा लेख मराठी माध्यमाच्या शाळेत पाचवी ते दहावीला इंग्रजी शिकवायला नुकतीच सुरुवात केलेल्यांसाठी आहे. महाराष्ट्रात २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी आहे. म्हणजे आठवीतलं मूल सात वर्षं इंग्रजी ऐकत-वाचत आलेलं असतं. तरी त्याला उभं करून 'स्पीक' म्हटलं की ते नखं बघत बसतं. त्याच्याकडे सांगण्यासारखं काही नसतं, असं नाही. मधल्या सुट्टीत त्याच विषयावर ते दहा मिनिटं भांडतं. कल्पना आहेत, शब्दही बरेच आहेत. ते शब्द वेळेवर हाताशी येत नाहीत आणि आले तर वाक्यात बसत नाहीत. इंग्रजीच्या तासातलं ब्रेनस्टॉर्मिंग या दोन अडचणींसाठी करायचं असतं. नव्या कल्पना सुचणं हा त्यातला जोडनफा.

एक गैरसमज आधीच दूर करते. अकरावी-बारावीच्या 'युवकभारती' इंग्रजी पुस्तकांत धड्याआधी 'आइस ब्रेकर्स' आणि धड्यानंतर 'ब्रेनस्टॉर्मिंग' असे भाग आहेत. धड्यानंतरच्या त्या भागात आकलनाचे प्रश्न, व्याकरण, लेखन असं सगळंच येतं. तो स्वाध्याय आहे आणि चांगला आहे, पण आपण इथे जे म्हणतोय त्याच्या जवळ जातात ते धड्याआधीचे आइस ब्रेकर्स. नववी-दहावीच्या 'कुमारभारती'तल्या 'वॉर्मिंग अप'चंही तसंच. हे भाग घाईत वगळले जातात आणि पाठ थेट वाचनाने सुरू होतो. तुम्ही ते वगळू नका.

मूळ पद्धत कुठली, आणि तिच्यात काय बदलायचं

ब्रेनस्टॉर्मिंग शाळेतून आलेलं नाही, जाहिरातीच्या धंद्यातून आलं. ॲलेक्स ऑस्बर्न हे अमेरिकेतल्या बीबीडीओ या जाहिरात संस्थेचे एक संस्थापक. १९५३ च्या 'अप्लाइड इमॅजिनेशन' या पुस्तकात त्यांनी चार नियम मांडले: सुचतंय तोवर कुणी चूक-बरोबर ठरवायचं नाही, जितकं जास्त तितकं चांगलं, वेडगळ वाटलं तरी बोलायचं, आणि दुसऱ्याच्या कल्पनेत आपली भर घालायची.

चारही नियम वर्गात उपयोगी पडतात. पण सगळ्यांनी एकत्र बसून तोंडी सुचवायचं, या भागाबद्दल लवकरच शंका निघाली. १९५८ मध्ये येल विद्यापीठात चार-चार जणांचे गट आणि एकेकटे बसलेले चार जण यांची तुलना झाली. एकेकट्यांच्या कल्पना एकत्र मोजल्या तर त्या गटाच्या जवळपास दुप्पट भरल्या. पुढे १९८७ मध्ये मायकेल डील आणि वोल्फगांग श्ट्रोबे यांनी त्याचं मुख्य कारण दाखवलं: एक बोलत असतो तेव्हा बाकीच्यांना थांबावं लागतं, आणि थांबता थांबता सुचलेलं निसटतं.

हे प्रयोग स्वतःच्या भाषेत बोलणाऱ्या मोठ्या माणसांवरचे आहेत. आपल्या मुलाला परक्या भाषेतला शब्द आठवायचाय, वाक्य जुळवायचंय आणि साठ जणांसमोर चुकायची भीती सांभाळायचीय. त्याचं निसटणं किती जास्त असेल! म्हणून खालच्या पायऱ्यांमध्ये आधी लिहिणं आहे, मग बोलणं. ही अदलाबदल करू नका, बाकी काहीही बदला.

पायरी १: घरून निघण्यापूर्वी

प्रश्न ठरवायला लागलेला वेळ वर्गात दामदुप्पट वसूल होतो. 'पोल्युशन' हा प्रश्नच नाही, ते धड्याचं नाव आहे. 'व्हॉट इज फ्रेंडशिप?' हा प्रश्न आहे, पण त्याला मोठ्या माणसालाही उत्तर देता येत नाही. चांगल्या प्रश्नाला वर्गातल्या प्रत्येकाकडे स्वतःचं उत्तर असतं, उत्तरं पुष्कळ असतात, आणि ती देताना इंग्रजीची एखादी ठरावीक रचना पुन्हा पुन्हा वापरावी लागते.

माझा आवडता सुरुवातीचा प्रश्न: घरातल्या जुन्या साडीचं काय काय करता येतं? वस्तूचे निरनिराळे उपयोग विचारण्याची ही युक्ती मानसशास्त्रज्ञ जे. पी. गिलफर्ड यांच्या चाचण्यांतून आली. त्यांच्याकडे वीट असायची, आपण साडी घेऊ, कारण साडीबद्दल आपल्या मुलांना विटेपेक्षा कितीतरी जास्त माहीत असतं. गोधडी, पडदा, बाळाची झोळी, दोरी, पायपुसणं, बुजगावणं, चुंबळ, पोतेरं, भाजी वाळत घालायला, गाडीवर झाकायला. आणि प्रत्येक उत्तराला इंग्रजी वाक्य जवळजवळ तेच लागतं: 'यू कॅन मेक अ क्विल्ट', 'यू कॅन यूज इट ॲज अ कर्टन'. 'कॅन' शिकवायचा वेगळा तास लागत नाही.

प्रश्न ठरला की आधी स्वतः तो सोडवा. कच्च्या कागदावर निदान वीस उत्तरं लिहा आणि त्यांचे इंग्रजी शब्द शोधून ठेवा. बुजगावण्याला 'स्केअरक्रो' हे ऐनवेळी आठवेलच असं नाही. चुंबळीला तर नेमका एक शब्द मिळणारच नाही, तिथे 'अ रिंग ऑफ क्लॉथ टू कॅरी अ पॉट ऑन द हेड' असं फोड करून सांगावं लागेल. मुलांसमोर अशी फोड करणं हा फार चांगला धडा असतो: शब्द अडला तर वाक्य सोडायचं नाही, वळसा घालून जायचं. स्वतः सोडवताना दहावर उत्तरं निघाली नाहीत, तर प्रश्न बदला. मुलांचीही निघणार नाहीत.

टाचणवहीत 'विचारमंथन' हा शब्द लिहिण्यापेक्षा प्रश्न शब्दशः लिहा, खाली अपेक्षित शब्द आणि जी रचना घ्यायची आहे ती लिहा. केंद्रप्रमुख आले तर त्यांनाही काय चाललंय ते कळेल.

पायरी २: तीन मिनिटं कुणीच बोलायचं नाही

प्रश्न इंग्रजीत विचारा, हवा तर एकदा मराठीत सांगा, फळ्यावर लिहा आणि गप्प बसा. मुलं कच्च्या वहीत एकेकटी लिहितील. किमान पाच गोष्टी, शुद्धलेखनाची काळजी नाही, इंग्रजी शब्द येत नसेल तर मराठीत.

या तीन मिनिटांत शिक्षकालाच सगळ्यात जास्त त्रास होतो. मेरी बड रो या अमेरिकन संशोधिकेने वर्गांतल्या तासांचं ध्वनिमुद्रण अभ्यासलं तेव्हा दिसलं, की प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी एक सेकंदच थांबतात. तीन सेकंद किंवा अधिक थांबल्यावर उत्तरं लांबली आणि एरवी गप्प असणारी मुलंही बोलू लागली. तीन सेकंदांनी इतका फरक पडत असेल, तर आपण तीन मिनिटं द्यायला हरकत नाही. त्या वेळात वर्गात फिरा, वह्यांत डोकवा, पण चुका दाखवू नका. कोणाच्या वहीत काहीतरी वेगळं आलंय एवढं मनात टिपून ठेवा. पुढच्या पायरीत ते कामाला येतं.

मराठीत लिहू द्यायचं की नाही, यावर स्टाफरूममध्ये वाद होईल. माझं मत स्पष्ट आहे: लिहू द्या, आणि मराठीच कशाला, घरी जे बोलतात ते लिहू द्या. खानदेशातलं मूल अहिराणीत लिहील. मेळघाटातल्या ज्या मुलाच्या घरी कोरकू बोलतात, त्याच्यासाठी मराठी हीच शाळेत भेटलेली भाषा असते. इंग्रजीआधी तिथे एक घाट त्याने चढलेलाच असतो. कल्पना कुठल्याही भाषेत बाहेर आली की तिचं इंग्रजी करता येतं. बाहेरच आली नाही तर करण्यासारखं काही उरत नाही. एकच अट ठेवा: फळ्यावर जाईल ते इंग्रजीत जाईल, आणि ते तसं करण्याचं काम सगळ्यांनी मिळून करायचं.

पायरी ३: शेजाऱ्याशी

चार मिनिटं बाकावरच्या जोडीदाराशी याद्या जुळवायच्या. सारखं असेल त्यावर खूण, वेगळं असेल ते दोघांच्याही वहीत. ही रचना अमेरिकेत फ्रँक लायमन यांनी १९८१ मध्ये 'थिंक-पेअर-शेअर' या नावाने मांडली आणि बी.एड.च्या पुस्तकांतून आता सगळ्यांना माहीत आहे. तिचा खरा फायदा लाजऱ्या मुलांना होतो. 'माझं उत्तर' सांगायला जी उठणार नाही, ती 'आमचं उत्तर' सांगायला उठते.

गोंगाट होईल. शेजारच्या वर्गावर गणिताचे सर असतील तर त्यांना आदल्या दिवशी सांगून ठेवा, मुख्याध्यापकांनाही. आवाज आणि बेशिस्त यांतला फरक बाहेरून कळत नाही.

पायरी ४: फळा

इथे बहुतेक जण चुकीच्या मुलापासून सुरुवात करतात. हात वर केलेल्यांना आधी विचारलं की पहिल्या पाच उत्तरांत तेच चार चेहरे येतात आणि मागचे बाक निवांत होतात. हात वर करायचेच नाहीत असं सांगा. खिडकीकडच्या रांगेच्या शेवटच्या बाकापासून सुरू करा, प्रत्येक जोडीकडून एकच उत्तर घ्या. आधी येऊन गेलेलं असेल तर त्यांनी यादीतलं दुसरं द्यायचं. फिरताना ज्या वहीत काही वेगळं दिसलं होतं, ती जोडी अध्येमध्ये घ्या.

फळा आखून ठेवा. गोल आणि रेघा दिसायला छान असतात, पण त्यातून वाक्यं बनवायला गेलं की फळ्यावर जागा राहत नाही. मी तीन उभे भाग करते: डावीकडे वस्तू आणि माणसं, मध्ये क्रिया, उजवीकडचा भाग रिकामा. तो वाक्यांसाठी. मुलं जवळजवळ सगळी नामंच देतील आणि मधला भाग ओस पडेल. नामांच्या यादीतून वाक्य होत नाही, आणि निबंधांत 'देअर इज... देअर इज...' अशी जी रांग लागते तिचं मूळ इथेच आहे. म्हणून डावा भाग भरत आला की मध्याकडे बोट दाखवून दुसरा प्रश्न विचारा: त्याचं काय करतात? ते काय करतं? मग काय होतं?

फळ्याशी उभं असताना सांभाळायच्या गोष्टी थोड्या आहेत, पण सवयीविरुद्ध आहेत. एका उत्तराला 'व्हेरी गुड' म्हणू नका. ते कानावर पडताच बाकीचे आपलं उत्तर तितकं गुड नाही असं समजून गप्प होतात. सगळ्यांना सारखाच 'ओके' किंवा 'थँक यू'. हशा पिकवणारं उत्तर आलं तरी फळ्यावर घ्या, मूल टिंगल करत असलं तरीही. ते लिहिलं गेलं की टिंगल संपते आणि बऱ्याचदा ते खरंच कामाचं निघतं. चुकीच्या इंग्रजीचं काय? मुलगी म्हणाली, 'बस नॉट कम.' तिला थांबवू नका, पण फळ्यावर 'द बस डझ नॉट कम' लिहा, एकदा मोठ्याने वाचा आणि पुढे जा. चुका तशाच फळ्यावर लिहाव्यात असंही काही जण सांगतात. ते मला पटत नाही, कारण मुलं फळा उतरवून घेतात आणि फळ्यावरचं ते खरं मानतात.

पायरी ५: शब्दांची वाक्यं

खरं शिकवणं इथे आहे, आणि तास संपत आल्यामुळे वगळली जाते ती हीच पायरी. म्हणून इथे एक उदाहरण पुरतं घेऊ.

नववीला तक्रारीचं पत्र शिकवायचंय. गाइडमधलं पत्र ठरलेलं असतं, रस्त्यावरचे दिवे किंवा पाणीपुरवठा. त्याऐवजी प्रश्न घ्या: 'व्हाय आर वुई लेट फॉर स्कूल?' एसटीने शाळेत येणारी निम्मी मुलं असतील त्या वर्गात या प्रश्नाला बांध घालावा लागतो.

याद्यांत पहिल्यांदा जे दिसेल त्याकडे लक्ष द्या. लेट, रश, पंक्चर, ब्रेक फेल, स्टॉप, पास, कंडक्टर, डेपो, टाइमटेबल, सीट, फर्स्ट पिरियड. हे सगळे शब्द इंग्रजीच आहेत आणि मुलांना ते आपल्याला येतात हे ठाऊकच नसतं, कारण ती ते मराठी बोलताना वापरतात. डावा भाग यांनीच भरा. वर्गाला पहिल्या पाच मिनिटांत कळतं की अर्धं पत्र आपल्याला आधीच येत होतं.

मग मराठीत लिहिलेलं घ्या. 'फाट्यावर थांबवत नाहीत', 'पावसात उभं राहावं लागतं, शेड नाही', 'पहिला तास बुडतो', 'संध्याकाळी अंधार होतो, घरचे काळजी करतात'. ही उत्तरं लेट-रशपेक्षा कितीतरी मोलाची आहेत, कारण पत्र वाचणाऱ्या माणसाला यांनीच काहीतरी वाटणार आहे. उजव्या भागात चार सुरुवाती लिहा:

'द बस डझ नॉट...'
'वुई हॅव टू...'
'बिकॉज ऑफ धिस...'
'वुई रिक्वेस्ट यू टू...'

आणि मुलांना म्हणा, यातल्या कुठल्या सुरुवातीत तुमचं उत्तर बसतं ते शोधा. 'फाट्यावर थांबवत नाहीत' पहिल्यात गेलं: 'द बस डझ नॉट स्टॉप ॲट अवर स्टॉप.' 'उभं राहावं लागतं' दुसऱ्यात: 'वुई हॅव टू स्टँड इन द रेन.' मराठीतल्या प्रत्येक 'लागतं'ला इथे 'हॅव टू' मिळतं. हे दोन-तीनदा डोळ्यांसमोर घडलं की नियम सांगावा लागत नाही. 'पहिला तास बुडतो' तिसऱ्यात: 'बिकॉज ऑफ धिस, वुई मिस द फर्स्ट पिरियड.' हमखास चुकणारं एक वाक्य मी आधीच फळ्यावर ठेवते: 'वुई वेट फॉर टू अवर्स.' नाहीतर 'सिन्स टू अवर्स' येणारच.

तोंडी करून घ्यायचं. एक सुरुवात तुम्ही म्हणायची, एका रांगेने एकेक शेवट जोडायचा, वर्गाने पूर्ण वाक्य म्हणायचं. पाचवी-सहावीला हे गाण्यासारखं चालतं. नववीची मुलं सामूहिक म्हणायला लाजतात, तिथे जोडीत करून घ्या.

पायरी ६: आता निवड

चूक-बरोबर ठरवायचं नाही हा नियम इथे संपतो, आणि तो संपला हे मुलांना उघड सांगा. हातात डस्टर घ्या. हे पत्र डेपो मॅनेजरला जाणार आहे, तर यातलं काय ठेवायचं? 'कंडक्टर तंबाखू खातो' हे खरं असलं तरी या पत्रात कशाला? 'मी उशिरा उठतो' हे कुणीतरी प्रामाणिकपणे दिलेलं असतं. ते सगळ्यांच्या टाळ्यांत पुसलं जातं. मग उरलेल्यांचे गट: बसचा त्रास, त्याचा शाळेवर परिणाम, आपली मागणी. गट तीन झाले म्हणजे परिच्छेद तीन झाले. परिच्छेद म्हणजे काय हे मी वेगळं शिकवत नाही.

पुसण्याचा अधिकार मुलांना द्या, मात्र पुसायचं का ते 'बिकॉज' लावून सांगायला लावा. मोडकंतोडकं चालेल. 'रिमूव्ह धिस, बिकॉज नॉट बस प्रॉब्लेम' एवढं जरी आलं तरी वर्गात इंग्रजीत पहिल्यांदा खरा वाद झाला असं समजा.

पायरी ७: वही

शक्यतो त्याच तासात सात-आठ मिनिटं लिहायला द्या, पत्राचा एकच परिच्छेद. फळा दिसत असताना. उरलेलं घरी किंवा उद्या. फळा पुसण्यापूर्वी मोबाइलवर फोटो घ्या किंवा मॉनिटरला मोठ्या कागदावर उतरवायला सांगा, दुसऱ्या दिवशी तो भिंतीवर हवा. पुढच्या तासाला 'काल काय झालं होतं?' असं विचारून नव्याने सुरू करावं लागलं, तर अर्धी मेहनत वाया.

मार्क देऊ नका. ना याद्यांना, ना बोलण्याला. मार्क आले की मुलं गाइड उघडतात.

३५-४० मिनिटांच्या तासात ढोबळ हिशेब असा बसतो: प्रश्न आणि शांत लेखन मिळून पाच-सहा मिनिटं, जोडीत चार, फळा दहा, वाक्यं आठ, निवड पाच, उरलेली वही. पहिल्यांदा हे बसणार नाही, फळा वीस मिनिटं खाईल. त्या दिवशी निवड दुसऱ्या दिवसावर ढकला, वाक्यं ढकलू नका.

पट साठचा असेल, किंवा पंधराचा

साठ मुलांत प्रत्येक जोडीचं उत्तर फळ्यावर घेणं शक्य नसतं. तिथे कागद फिरवा. १९६८ मध्ये जर्मनीत बर्न्ड रोरबाख यांनी ६-३-५ नावाची पद्धत मांडली: सहा जण, प्रत्येकाने तीन कल्पना, पाच मिनिटांत, मग कागद पुढे. सहा फेऱ्यांत १०८ नोंदी. बाकांच्या वर्गात तिचं सोपं रूप चालतं. प्रत्येक बाकाला एक पाठकोरा कागद, बाकाने दोन गोष्टी लिहायच्या, दोन मिनिटांनी 'पास' म्हटलं की कागद मागच्या बाकाकडे, शेवटच्या बाकाचा पुढे. आधीचं वाचल्याशिवाय नवं लिहायचं नाही आणि तेच परत लिहायचं नाही. बोलायला न लागता सगळा वर्ग लिहितो आणि एकमेकांचं इंग्रजी वाचतोही. चार फेऱ्या पुरे. नंतर प्रत्येक बाकाने हातातल्या कागदावरची सगळ्यात आवडलेली एकच नोंद वाचायची.

दोनशिक्षकी शाळेत पाचवी-सहावी एकत्र, पट पंधरा, अशी स्थिती असेल तर तुमचं काम सोपं आहे. खडू मुलांच्याच हातात द्या, जमिनीवर लिहू द्या. मोठ्यांनी शब्द द्यायचे, लहानांनी चित्रं काढायची, किंवा उलट.

एक उलटा प्रकार मला सगळ्यांत फळतो. 'हाउ कॅन वुई कीप अवर क्लास क्लीन?' याला मुलं पाठ केलेली उत्तरं देतात. 'हाउ कॅन वुई मेक अवर क्लास व्हेरी डर्टी?' विचारा आणि बाजूला व्हा. 'थ्रो पेपर्स', 'स्पिट', 'ईट अंडर द बेंच', 'डोन्ट ओपन द विंडो', क्रियापदं आपोआप पुढे येतात, कारण घाण करायला काहीतरी करावं लागतं. मग प्रत्येकापुढे 'डोन्ट' लावायचं, आणि आधीच 'डोन्ट' असेल तिथे ते काढायचं. वर्गाचे नियम तयार होतात, तेही मुलांनीच केलेले. ए ते झेड प्रत्येक अक्षराला एक शब्द हा खेळ मात्र लोकप्रिय असूनही मी कमी वापरते. क्यू, एक्स आणि झेडपाशी तास अडकतो आणि हाती सुट्या शब्दांखेरीज काही लागत नाही. शाळा सुटायच्या आधीच्या दहा मिनिटांना तो ठीक आहे.

कुठे वापरू नये

उत्तर एकच असतं तिथे. 'गो'चा भूतकाळ काय, धड्यातला मुलगा कुठे गेला, शब्दाचा उच्चार कसा करायचा, हे सरळ सांगायचं किंवा वाचून शोधायचं. ज्या विषयाची मुलांना काहीच माहिती नाही तिथेही नाही. हिमनगांवर ब्रेनस्टॉर्मिंग घेतलं तर फळ्यावर 'आइस', 'कोल्ड', 'व्हाइट' आणि पुढे काही नाही. आधी उतारा वाचा, चित्र दाखवा, मग विचारा. आणि ज्या प्रश्नाचं खरं उत्तर देणं एखाद्या मुलाला जड जाईल तो टाळा. 'व्हॉट डिड यू गेट ऑन युअर बर्थडे?' किंवा 'व्हॉट डझ युअर फादर डू?' यांवर वर्गातली दोन-तीन मुलं कायम खाली बघतात.

रोजही करू नका. आठवड्यातून एकदा, लेखनाच्या आधी किंवा नव्या धड्याच्या दारात, एवढं पुरतं.

पहिल्या महिन्यासाठी काही प्रश्न

पाचवी-सहावीला: दप्तरात काय काय असतं (हॅव गॉट), माकड शाळेत शिरलं तर काय करेल ('इट विल...'), जुनी साडी. सातवी-आठवीला: आठवडी बाजारात काय ऐकू येतं (इथे क्रियापदं भरपूर: 'शाउट', 'बार्गेन', 'कॉल', 'वे'), वीज गेल्यावर घरातलं कोण काय करतं, पाहुणे यायच्या आधीच्या तासाभरात काय काय होतं ('मदर इज...', चालू वर्तमानकाळासाठी याहून चांगला प्रश्न मला माहीत नाही). नववी-दहावीला: एसटी, मोबाइल घरात कुणाच्या हातात असावा (दोन बाजू मांडायच्या लेखनासाठी दोन याद्या), आणि गावातली एक गोष्ट बदलायची तर कोणती.

शेवटचा प्रश्न घ्याल तेव्हा एक करा. वाक्यांपैकी सगळ्यात पक्की पाच मुलांनाच निवडू द्या, त्यांचं पत्र पूर्ण करा आणि सरपंचांना खरोखर पाठवा. सोबत मराठी प्रत जोडा, कारण ग्रामपंचायतीचं उत्तर मराठीतच येईल. ते आलं की पुढच्या तासाचा प्रश्न तयार आहे: उत्तराला आपण काय लिहायचं?